‘खोट्या साक्षीची खाजगी केस टाकून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

कोर्टात खोटं प्रतिज्ञापत्र देणाऱ्या नवऱ्यावर ‘खाजगी फौजदारी’ टाकून त्याला पंधरवड्यात आत बसवतो, असं सांगून एका माणसाने माझ्या धाकट्या बहिणीकडून 45,000 रुपये उकळले. अशी केस कायद्यात बसतच नाही. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत घरगुती तंट्यांत अडकलेली माणसं, बायकाही आणि पुरुषही, याच गळाला लागतायत असं आता कळतंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

बहिणीचं सासर मालवणकडे. नवऱ्याच्या नावावर यांत्रिक होडी आहे, घरामागे पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या आहेत. दोन मुलांना घेऊन ती माहेरी आली आणि तिने पोटगीचा अर्ज केला. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी वेगळं कुटुंब न्यायालय नसतं, हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच चालतं. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिल्यापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिच्या नवऱ्याने ते दिलं ऐन पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या. त्याने लिहून दिलं की मी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातो, सध्या काम नाही, सरासरी काढली तर महिन्याला 8,000 रुपये पडतात. स्वतःच्या होडीचा उल्लेख नाही, खोल्यांचा नाही. त्या होडीच्या नाळेवर थोरल्या लेकीचं नाव रंगवलेलं आहे. ते प्रतिज्ञापत्र वाचल्यावर बहिणीच्या घशाखाली घास उतरेना.

हा माणूस तिला नेमका तेव्हा भेटला. कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात फायलींचा गठ्ठा, कार्डावर ‘कायदेविषयक सल्लागार’. आपण वकील आहोत असं तो स्वतःहून म्हणत नसे. पण लोक त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणून हाक मारत आणि तो ओ देई. “ताईनू, तुमचो वकील भियाता. खोट्या साक्षीक सात वर्सांची सजा आसा. तुम्ही फक्त सही करा, पुढचा मी बघतंय.”

सात वर्षांचं खरं आहे, आणि म्हणूनच माणूस विश्वास ठेवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 मध्ये न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. अर्धं खरं सांगून पुढचं खोटं खपवायचं, ही त्याची पद्धत. आधी 15,000 ‘ड्राफ्टिंग’चे. मग 20,000 वॉरंट काढायला. शेवटी 10,000, ‘आतल्या माणसाला’. यातले मधले पैसे आईच्या बांगड्या पतपेढीत तारण ठेवून उभे केले.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. त्याने तिला बजावलं होतं, यातलं तुमच्या वकिलांना सांगू नका आणि पोटगीच्या तारखांना घाई करू नका, वॉरंट निघालं की नवरा स्वतःच पाय धरत येईल. त्यामुळे अंतरिम पोटगीच्या अर्जावर युक्तिवादच होत नव्हता. मुलांच्या शाळेचा खर्च आम्ही भावंडं उचलत होतो आणि तिकडे नवरा निवांत.

केस दाखल झाल्याची पोच म्हणून त्याने एक कागद दिला होता. वर अस्पष्ट राजमुद्रा, खाली जांभळा गोल शिक्का, मधे पेनाने लिहिलेला नंबर आणि वर्ष. मी तो घेऊन कोर्टातल्या फायलिंगच्या खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी संगणकावर नंबर घालून पडदा माझ्याकडे वळवला: चेक बाउन्सचं कोणातरी दुसऱ्यांचंच प्रकरण. नंबर खरा, केस भलत्याची. त्यांनी मला शांतपणे विचारलं, “ह्या साक्षीचं प्रकरण तुम्ही स्वतः कसं दाखल करणार?”

तो प्रश्नच या फसवणुकीचं मर्म आहे. न्यायालयापुढे चाललेल्या कामात कुणी खोटी साक्ष दिली, तर त्याची फिर्याद ते न्यायालय, त्याने नेमलेला अधिकारी किंवा वरचं न्यायालय यांनीच लेखी करायची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 215 तसं सांगतं. 1 जुलै 2024 च्या आधी हेच जुन्या संहितेचं कलम 195 होतं. तुमच्या-माझ्या खाजगी तक्रारीवर न्यायदंडाधिकारी या गुन्ह्याची दखल घेऊच शकत नाहीत. नियम कडक वाटतो, पण मला तो पटतो. नाहीतर हरलेला प्रत्येक पक्षकार समोरच्याला आणि त्याच्या साक्षीदारांना फौजदारीत खेचत बसेल.

त्याच्याकडे एका निकालाची छापील प्रतही होती, ती तो सगळ्यांना दाखवायचा. निकाल खरा आहे: इक्बाल सिंग मारवाह, 2005, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. पण त्यात मुद्दा बनावट दस्तऐवजाचा आहे. कागद बाहेर बनवून मग कोर्टात आणला असेल, तर कलम 195 ची आडकाठी येत नाही, एवढंच तिथे म्हटलंय. शपथेवर खोटी मिळकत सांगण्याशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीतला जाडजूड निकाल कोण वाचतंय, या भरवशावर त्याचा धंदा चालला होता.

खरी वाट साधी आहे. जिथे खोटं बोललं गेलं त्याच न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 379 खाली अर्ज द्यायचा (जुन्या संहितेचं 340). खोटेपणा प्रथमदर्शनी दिसतो का आणि कारवाई करणं न्यायाच्या हिताचं आहे का, हे न्यायाधीश बघतात. गरज वाटली तर प्राथमिक चौकशी करतात आणि मग स्वतः फिर्याद लिहून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. नकार दिला तर कलम 380 खाली अपील आहे. रजनेश निकालातही खोटी विधानं करणाऱ्यावर कलम 340 ची कारवाई होऊ शकते असं स्पष्ट म्हटलंय. मात्र प्रत्येक विसंगतीवर कोर्ट फिर्याद करत नाही आणि पुष्कळदा हा अर्ज मूळ प्रकरणाच्या निकालापर्यंत थांबतो. ‘पंधरवड्यात वॉरंट’ हे शब्द ऐकले की तिथूनच उठा.

या अर्जाचा जीव पुराव्यात असतो. आमच्या आताच्या वकीलबाईंनी होडीची मत्स्यव्यवसाय विभागातली नोंदणी, मच्छीमार सोसायटीमार्फत मिळणाऱ्या डिझेल परताव्याच्या नोंदी आणि घराचा उतारा कोर्टाने मागवावा असा अर्ज दिला, अंतरिम पोटगीवर युक्तिवाद केला आणि मग 379 चा अर्ज जोडला. त्यांची फी आम्हाला पडलीच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, हेल्पलाइन 15100.

कुणीही केस दाखल केली म्हणालं, तर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मागा आणि ई-कोर्ट्सच्या अॅपवर स्वतः टाकून दोन्ही पक्षांची नावं वाचा. वकील म्हणवणाऱ्याला बार कौन्सिलचा सनद क्रमांक विचारा. खऱ्या वकिलाला त्याचा राग येत नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 वर लगेच कळवा.

त्या माणसाविरुद्ध आम्ही न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची पोलिसांत तक्रार दिली आहे. चौकशी चालू आहे, झेरॉक्सच्या दुकानातली खुर्ची रिकामी झाली आहे आणि तो शेजारच्या तालुक्यात दिसल्याचं कानावर आलंय. जांभळ्या शिक्क्याची, पेनाने नंबर घातलेली पोच तुमच्या घरात असेल तर ती फाडू नका. नंबर तपासा, पैसे दिल्याच्या नोंदी काढा आणि आपल्या पोलीस ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्या. एकट्या आमच्या कागदावर तो ‘उसने घेतले होते’ म्हणून सुटू बघतोय.