हिरवा दिवा जळत होता: विजेपासून संरक्षणाच्या नावाखाली झालेली आमची फसवणूक

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाला विजांची भीती वर्षातून दोनदा असते, एकदा मृगाआधीच्या वळवात आणि पुन्हा परतीच्या पावसात. धाकटा भाऊ आणि मी गावाबाहेरच्या रस्त्यालगत दूध संकलन केंद्र चालवतो. पत्र्याच्या शेडमध्ये एक हजार लिटरचा बल्क कूलर, फॅट मोजण्याचे यंत्र, इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, संगणक आणि चार कॅमेरे आहेत, आणि शेडपासून साधारण साठ मीटरवर आमचा गोठा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या शिवारात वीज पडून कडुनिंबाखाली बांधलेल्या दोन म्हशी दगावल्या. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत दोन तरुण गळ्यात ओळखपत्रे घालून आमच्याकडे आले. ती बातमी कळल्यावरच ते या भागात फिरू लागले असावेत, असे आता वाटते.

त्यांनी प्रथम मोबाईलवर ‘दामिनी’ ॲप उघडून दाखवले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे हे ॲप आहे, आसपास कोठे विजा पडत आहेत हे ते सांगते आणि जीव वाचवण्यासाठी ते प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असायलाच हवे. या दोघांनी मात्र त्याचा उपयोग आम्हाला घाबरवण्यासाठी केला. नकाशावरचे ठिपके दाखवून एक जण म्हणाला, ‘काका, ढग तुमच्या डोक्यावर आहेत, आणि तुमच्याकडे साधा अरेस्टरही नाही.’ अरेस्टर म्हणजे पडणारी वीज झेलून जमिनीत नेणारी उंच सळई. मग पत्रक निघाले. त्यात टोकाशी चकाकता गोळा असलेल्या अरेस्टरचे छायाचित्र होते, ‘संरक्षण त्रिज्या १०७ मीटर’ असे ठळक छापलेले होते, आणि आयएसआय, सीई व आयएसओ ही तिन्ही चिन्हे एका ओळीत होती. अरेस्टर, त्याचा अर्थिंगचा खड्डा, मुख्य बोर्डावर बसवायचा, तारांतून येणारी विजेची लाट अडवणारा ‘१०० केए’ (किलोअँपिअर) क्षमतेचा सर्ज प्रोटेक्टर, दहा वर्षांची हमी आणि पाच लाखांचा विमा, असे सर्व मिळून ८६,५०० रुपये त्यांनी सांगितले. शेड, कूलर, गोठा आणि जनावरे एकाच खर्चात सुरक्षित होणार, या विचाराने आम्ही होकार दिला. पन्नास हजार रोख दिले आणि उरलेले एका खाजगी व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने पाठवले. पावती मागितली तेव्हा ‘कोटेशन’ असे लिहिलेला एक कागद मिळाला, त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. तो त्याच दिवशी विचारायला हवा होता, आणि तो मी विचारला नाही याची खंत मला आजही आहे.

काम दीड दिवसात उरकले. खड्डा खणताना आम्ही दोघेही दुधाच्या वेळेमुळे तेथे उभे राहू शकलो नाही. शेवटी ‘टेस्टिंग’ म्हणून त्यांनी जे दाखवले ते मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण अनेक गावांत याच प्रयोगावर लोकांचा विश्वास बसतो. त्यांनी शंभर वॅटचा बल्ब घेतला, एक वायर फेजला आणि दुसरी नव्या अर्थिंगला लावली. बल्ब झगझगीत पेटला आणि ते म्हणाले, ‘बघा, अर्थिंग एक नंबर!’ या प्रयोगाने अर्थिंग चांगले असल्याचे काहीही सिद्ध होत नाही, हे मला नंतर एका अभियंत्याने गणित मांडून समजावले. २३० व्होल्टवर पेटलेल्या शंभर वॅटच्या बल्बचा स्वतःचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम, म्हणजे विजेच्या दृष्टीने अगदी निकृष्ट असला, तरी बल्बला जवळपास २१० व्होल्ट मिळतात आणि डोळ्यांना प्रकाशातला फरक सहज जाणवत नाही. अरेस्टरच्या अर्थिंगचा रोध दहा ओहमच्या आत असावा असा संकेत आहे, आणि तो जमिनीत दोन खुंट्या ठोकून अर्थ टेस्टर नावाच्या यंत्रानेच मोजावा लागतो. बल्बचा हा प्रयोग जिवावर बेतू शकतो, तेव्हा खात्री करण्यासाठीही कोणी तो करून पाहू नये.

भिंतीवर सर्ज प्रोटेक्टरचा जड, राखाडी डबा लागला. त्यावर एक हिरवा दिवा होता. ‘हा पेटलेला आहे तोवर काळजी नको,’ असे सांगून ते गेले. पुढचे सात महिने रोज पहाटे शेड उघडताना आम्ही तो दिवा पाहत होतो आणि निश्चिंत होत होतो.

मे २०२३ मध्ये एका संध्याकाळी, दूध घालायला आलेल्यांची रांग नुकतीच सरली असताना, वळवाचा पाऊस सुरू झाला आणि थेट आमच्या शेडवर वीज पडली. आवाजाबरोबर सगळे दिवे गेले. आमचा कामगार नळाखाली कॅन धुत होता, त्याला जबरदस्त झटका बसून तो मागे फेकला गेला. तालुक्याच्या दवाखान्यात एक रात्र ठेवल्यानंतर तो सुखरूप घरी आला, यापुढे बाकीचे नुकसान मी नुकसान मानत नाही. तरीही नोंद असावी म्हणून सांगतो: कूलरचे कंट्रोल पॅनल, फॅटचे यंत्र, वजनकाटा, संगणक आणि दोन कॅमेरे जळाले, दुरुस्तीला व नव्या वस्तूंना एक लाख चाळीस हजारांहून अधिक खर्च आला, आणि थंड न झाल्याने साडेसहाशे लिटर दूध नासले. दुसऱ्या दिवशी महावितरणचा पुरवठा सुरू झाला. बोर्डाजवळ जाऊन पाहिले, तर सर्ज प्रोटेक्टरचा हिरवा दिवा पूर्वीसारखाच जळत होता.

त्या दिव्यामुळेच संशय आला. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाचा परवाना असलेला एक अनुभवी ठेकेदार आणि तंत्रनिकेतनात शिकवणारा त्याचा अभियंता मित्र, असे दोघे आमच्या विनंतीवरून आले. त्यांनी पुरवठा बंद करून डबा उघडला. आत रुपयाच्या नाण्याएवढी एकच चकती बारीक वायरीने जोडलेली होती आणि उरलेली जागा वजन वाटावे म्हणून सिमेंटने भरलेली होती. चकती मधोमध फुटून काळी पडली होती. हिरव्या दिव्याचा तिच्याशी काही संबंधच नव्हता. तो रोधक लावून थेट फेजवर जोडलेला होता, त्यामुळे आतले सर्व काही जळून गेले तरी वीज असेपर्यंत तो पेटणारच होता. खऱ्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये जादा दाब अर्थिंगकडे वळवणाऱ्या झिंक ऑक्साइडच्या चकतीला उष्णतेने सुटणारा जोड असतो. चकती निकामी झाली की तो जोड सुटतो आणि खिडकीतला हिरवा रंग जाऊन लाल दिसतो. घरातल्या एमसीबीवर याबाबतीत विसंबता येत नाही, कारण एमसीबी तुटायला काही हजारांश सेकंद लागतात आणि विजेची लाट त्याआधीच, सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत, यंत्रात शिरलेली असते.

मग खड्डा उकरला. आठ फुटांचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड असे कोटेशनवर लिहिले होते, तेथे तीन फुटांचा निघाला. अभियंत्याने त्यावर कानस दोनदा फिरवली आणि खालचे लोखंड उघडे पडले. चांगल्या रॉडवर तांब्याचा थर किमान २५० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर असतो आणि तो असा सहज निघत नाही. चुंबकाने ही परीक्षा होत नाही, कारण चांगल्या रॉडचाही गाभा पोलादाचाच असतो. अर्थ टेस्टरने रोध ३८ ओहम भरला. अरेस्टरपासून खाली आणलेली वायर अॅल्युमिनियमची आणि बारीक होती, तिला दोन ठिकाणी काटकोनात वळवले होते, आणि ती पाण्याच्या लोखंडी पाइपाच्या वीतभर अंतरावरून गेली होती. नेमक्या त्याच जागी पाइपावर जळल्याची खूण होती.

पुढचा भाग ऐकताना आम्ही दोघे भाऊ सुन्न झालो. विजेच्या एका सर्वसाधारण झोताचा प्रवाह ३० हजार अँपिअर धरला, तर ३८ ओहमच्या अर्थिंगवर क्षणभर अकरा लाख व्होल्टपेक्षा अधिक दाब उभा राहतो. अर्थिंग दहा ओहमचे असते, तरी तो तीन लाख झाला असता. म्हणून नुसते खड्डे चांगले असून भागत नाही, तर अरेस्टरचे अर्थिंग, यंत्रांचे अर्थिंग, पाण्याचे पाइप आणि शेडचा लोखंडी सांगाडा हे सर्व जाड पट्टीने एकमेकांना जोडावे लागते, म्हणजे दाब सगळीकडे एकदम चढतो व उतरतो आणि दोन वस्तूंमध्ये ठिणगी उडत नाही. आमच्याकडे त्या तरुणांनी याच्या नेमके उलटे केले होते. ‘अरेस्टरचा खड्डा वेगळाच ठेवायचा, नाहीतर वीज यंत्रांत येते,’ असे त्यांनी सांगितले होते, आणि ऐकायला ते पटण्यासारखे होते. प्रत्यक्षात दोन अर्थिंग वेगळी राहिल्यामुळेच वायरीतून पाइपाकडे ठिणगी उडाली आणि नळाखाली उभ्या असलेल्या माणसाला झटका बसला. अर्धवट बसवलेला अरेस्टर नुसता निरुपयोगी नसतो, तो विजेला घरात येण्याची वाट करून देतो.

१०७ मीटरच्या दाव्याबद्दलही ठेकेदाराने व अभियंत्याने स्पष्ट सांगितले. भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलेले आयएस/आयइसी ६२३०५ हे मानक अशा गोळ्याच्या अरेस्टरला साध्या टोकदार सळईपेक्षा कणभरही अधिक क्षेत्र देत नाही. मोठ्या त्रिज्येचे आकडे येतात ते मुख्यतः एका फ्रेंच मानकातून. आपल्याकडच्या मानकात संरक्षण भूमितीने ठरते: ठरावीक त्रिज्येचा एक काल्पनिक गोल जमिनीवरून व इमारतीवरून गडगडत नेला, तर ज्या भागाला तो शिवत नाही तोच सुरक्षित मानायचा. संरक्षणाच्या सर्वांत कडक वर्गासाठी हा गोल २० मीटर त्रिज्येचा आणि सर्वांत सौम्य वर्गासाठी ६० मीटरचा धरतात. आमच्या अरेस्टरचे टोक जमिनीपासून नऊ मीटरवर होते. सौम्य वर्ग धरूनही जमिनीलगत सुमारे ३१ मीटरपर्यंतच संरक्षण येते, आणि पत्र्याच्या उंचीवर त्याहून बरेच कमी. साठ मीटरवरचा गोठा त्यात कधीच नव्हता. जनावरे सुरक्षित आहेत असे समजून आम्ही आख्खा परतीचा पाऊस काढला होता.

कागदपत्रे मी स्वतः तपासली, आणि हे काम कोणालाही घरबसल्या करता येते. खऱ्या आयएसआय चिन्हावर आयएस क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की उत्पादकाचे नाव, पत्ता आणि वस्तू कोणती हे समोर येते. आमच्या डब्यावरचा क्रमांक खरा होता, पण तो प्लास्टिकच्या पाइपांच्या एका कारखान्याला दिलेला होता. क्रमांक सापडला एवढ्यावर समाधान मानू नका, वस्तूचे नाव वाचा. सीई हे युरोपच्या बाजारासाठी उत्पादकाने बहुतेक वेळा स्वतःच लावायचे चिन्ह आहे, ते भारतातली कोणतीही मान्यता दाखवत नाही. आयएसओ ९००१ कारखान्याच्या कारभारपद्धतीबद्दल असते, वस्तूच्या चाचणीबद्दल नसते. सर्ज प्रोटेक्टरसाठी विचारायचा तो आयइसी ६१६४३-११ या मानकानुसार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने दिलेला चाचणी अहवाल, आणि अहवालातला मॉडेल क्रमांक डब्यावरच्या मॉडेलशी अक्षरशः जुळला पाहिजे. आम्हाला दिलेल्या झेरॉक्समध्ये मॉडेलच्या जागी पांढरा पट्टा होता. ‘१०० केए’ हा नुसता आकडाही काही सांगत नाही. थेट पडणाऱ्या विजेसाठीचा टाइप १ प्रोटेक्टर १०/३५० मायक्रोसेकंदांच्या दीर्घ लाटेवर तपासतात आणि टाइप २ प्रोटेक्टर ८/२० च्या छोट्या लाटेवर, त्यामुळे लाट कोणती हे न लिहिलेला आकडा म्हणजे माप न सांगता सांगितलेले वजन होय. विम्याच्या कागदावर पॉलिसी क्रमांकच नव्हता.

आता आम्ही परवानाधारक ठेकेदाराकडून काम नव्याने करून घेतले आहे. सर्व अर्थिंग एकमेकांना जोडली आहेत, गोठ्यासाठी स्वतंत्र अरेस्टर उभारला आहे, मुख्य बोर्डावर टाइप १ व २ एकत्र असलेला आणि कूलरच्या पॅनलवर टाइप २ प्रोटेक्टर आहे. प्रोटेक्टरच्या वायरी ठेकेदाराने हट्टाने अर्ध्या मीटरच्या आत ठेवल्या, कारण प्रत्येक मीटर वायरीमागे विजेच्या लाटेत हजारभर व्होल्ट वाढू शकतात. खड्डे आमच्यासमोर खणले, प्रत्येक रॉडचे बुजवण्याआधी छायाचित्र घेतले, रोधाची नोंद सहीनिशी घेतली, आणि शेवटचा तिसरा हिस्सा त्यानंतरच दिला.

फसवणाऱ्यांचे दोन्ही मोबाईल क्रमांक बंद आहेत, आणि पत्त्यावर पाठवलेले नोंदणीकृत पत्र ‘असा इसम येथे राहत नाही’ या शेऱ्यासह परत आले. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आयएसआय चिन्हाच्या गैरवापराची तक्रार ‘बीआयएस केअर’मधून केली, आणि यूपीआयच्या तपशिलासह पोलीस ठाण्यात अर्ज दिला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसते. वस्तू व्यवसायासाठी घेतली असे म्हणून तक्रार फेटाळली जाऊ नये, यासाठी हे केंद्र आम्ही भाऊ स्वतः चालवतो व त्यावरच आमचा उदरनिर्वाह आहे, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावे, असा सल्ला वकिलांनी दिला, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारासाठीच्या खरेदीला ग्राहकाची व्याख्या लागू होते. ज्यांच्याकडे असेच डबे लागले आहेत त्यांनी ते रागाने फेकून देऊ नयेत. फुटलेली चकती, सिमेंटचा गोळा, तीन फुटांचा रॉड आणि छापील पत्रक आम्ही पंचनाम्यासह एका खोक्यात बंद करून ठेवले आहे, आणि त्याच पत्रकाची एक प्रत गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या आमच्या मेहुण्यांच्या दारातही पोहोचली आहे.