'सर्क्युलर एलएनबी'च्या नावाखाली १,८०० रुपये गेले

नागपुरात मानेवाडा, बेसा भागात कोणी दारात येऊन छत्रीला 'सर्क्युलर एलएनबी' बसवून देतो म्हणाला, तर आधी हे वाचा. एलएनबी म्हणजे छत्रीच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा छोटा डबा.

मे महिन्यातल्या वादळानंतर आमच्या फ्री डिशवर सह्याद्रीच्या बातम्या अडखळायला लागल्या. चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा. त्याच आठवड्यात एक मुलगा आला. "काकाजी, आजूबाजूला इमारती झाल्या ना, सिग्नल आपटून गोल फिरत येऊन राहिला. तुमचा एलएनबी सरळवाला आहे, तो पकडणार कसा?" गच्चीवर दहा मिनिटं खाटखूट केली, लाल स्टिकरचा नवा एलएनबी लावला आणि चित्र स्वच्छ झालं. १,८०० रुपये घेतले, जुना एलएनबीही घेऊन गेला. मी इतका खूश झालो की शेजारच्या तीन घरांना त्याचा नंबर मीच दिला. त्याचं फार वाईट वाटतं.

जुलैत पुन्हा तेच. सीताबर्डीहून ओळखीचा मेकॅनिक आणला. क्लॅम्पचा स्क्रू ढिला होता, एलएनबी जागच्या जागी फिरला होता. त्याने तो जरासा वळवला आणि खालून आई ओरडली, "आलं!" मग त्याने नखाने लाल स्टिकर सोलला. खाली ९७५०/१०६०० छापलेला साधाच एलएनबी, बाजारात अडीचशेला मिळणारा.

म्हणजे मे महिन्यातही कोन बसवल्यामुळेच चित्र आलं होतं. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते आणि तिच्या लहरी सरळ असतात, उभ्या किंवा आडव्या. कोणत्या हव्यात ते सेटटॉप बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट देऊन एलएनबीला सांगतो. म्हणून एलएनबी क्लॅम्पमध्ये योग्य तिरका बसावा लागतो. खरा सर्क्युलर, म्हणजे गोल फिरणाऱ्या लहरींसाठीचा, लावला असता तर अर्धा सिग्नल, म्हणजे ३ डेसिबल, वाया गेला असता! इमारतीवर आपटल्यावर गोल लहरीची फिरण्याची दिशा उलटते, त्यामुळे सर्क्युलर अँटेना ती टाळतो, हे खरं आहे. पण ते जमिनीवरच्या टॉवरचं, चित्राला सावली पडायची त्या काळातलं. छत्री तर थेट आकाशात बघते. नागपुरातून आग्नेयेला, सुमारे ६० अंश वर.

काही बदलायच्या आधी बॉक्सच्या मेनूत सिग्नल क्वालिटीचा आकडा बघा. जुन्याच एलएनबीचा कोन बसवायला लावा, पुन्हा आकडा बघा. जुना भाग हातचा सोडू नका. त्या मुलाचा फोन आता बंद आहे. तिन्ही शेजाऱ्यांकडे मी स्वतः जाऊन हे सांगून आलो. दोघांच्या एलएनबीवर तेच लाल स्टिकर निघालं.