‘अनब्रेकेबल’पाशी थांबावं की ‘ग्लास’पर्यंत जावं?

‘अनब्रेकेबल’वर जीव असणाऱ्यांत दोन तट आहेत आणि दादर ते ठाणे एवढ्या प्रवासात त्यांचं भांडण मिटत नाही. एक तट म्हणतो, २००० सालचा तो एकच सुपरहिरोचा चित्रपट पाहावा आणि विषय संपवावा. दुसरा म्हणतो, दिग्दर्शक एम. नाइट श्यामलनने पुढे ‘स्प्लिट’ आणि ‘ग्लास’ काढून गोष्ट पुरी केली आहे, तर ती अर्धी का सोडायची? रविवारी तिन्ही सलग बघायचा बेत करणारे हल्ली बरेच भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून पाहिलंय. शेवट फोडल्याशिवाय मुद्दा मांडता येणार नाही, तेव्हा ज्याला ‘ग्लास’ कोऱ्या मनाने पाहायचा असेल त्याने ‘स्प्लिट’चा परिच्छेद वाचून थांबावं.

सिक्वेल यायच्या कितीतरी आधीपासून हा वाद चालू होता. तेव्हा प्रश्न एवढाच होता की दुसरा भाग निघावा का, आणि निघालाच तर तो श्यामलनच्याच हातून का. ‘द सिक्स्थ सेन्स’, मग ‘अनब्रेकेबल’, मग ‘साइन्स’ देणारा हा माणूस पुढे असा घसरत गेला की २०१० च्या ‘द लास्ट एअरबेंडर’ला वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटाचा रॅझी हा टिंगलीचा पुरस्कार मिळाला, आणि २०१३ च्या ‘आफ्टर अर्थ’च्या जाहिरातींत त्याचं नाव जवळजवळ लपवलंच गेलं. पुद्दुचेरीतल्या माहे गावी जन्मलेला, आडनाव ओळखीचं, म्हणून आपण त्याला चार गुण वाढवून देतो ही गोष्ट वेगळी. पण त्या काळात ‘अनब्रेकेबल’चा दुसरा भाग याच्याकडूनच यावा असं म्हणणाऱ्याची पार्टीत टिंगल व्हायची.

माझं मत तेव्हाही ‘नको’कडे झुकलेलं होतं, पण त्याचं कारण त्याची घसरण नव्हतं. पहिल्या चित्रपटाने आपला हिशेब स्वतःच चुकता केला होता. शेवटच्या दोन पाट्या आठवतात ना? नायक डेव्हिडने (ब्रूस विलिस) पोलिसांना कॉमिक्सवेड्या खलनायक एलायजाच्या (सॅम्युअल जॅक्सन) दुकानात नेलं, एलायजा आता मनोरुग्ण गुन्हेगारांच्या इस्पितळात आहे, संपलं. पुष्कळांना त्या पाट्या घाईने चिकटवल्यासारख्या वाटतात, आणि तसं वाटणं चुकीचं म्हणता येणार नाही. पण दिग्दर्शकाने स्वतःच्या हाताने दार लावून कडी घातली होती, हेही खरंच.

हक्काचा प्रश्न मात्र इथे नव्हता. तो प्रश्न काय असतो हे आपण ‘मिस्टर इंडिया’च्या निमित्ताने पाहिलंय. २०२० मध्ये अली अब्बास जफरने त्याचे तीन भाग काढायची घोषणा केली, तेव्हा मूळ चित्रपटाचा दिग्दर्शक शेखर कपूरने आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही असं उघडपणे लिहिलं. अमरीश पुरी आणि श्रीदेवी तोवर गेले होते. मोगॅम्बोविना ‘मिस्टर इंडिया’ काढून कुणाला काय मिळणार होतं, देव जाणे. ‘ग्लास’च्या वेळी दिग्दर्शक तोच होता आणि ब्रूस विलिस, सॅम्युअल जॅक्सन हेही तेच. इतकंच काय, पहिल्या भागात डेव्हिडच्या मुलाचं काम केलेला स्पेन्सर ट्रीट क्लार्क १९ वर्षांनी मोठा होऊन त्याच भूमिकेत परतला. एवढी जुळणी सहसा कुणाच्या नशिबी येत नाही.

आता पहिला चित्रपट. मुंबईकराला तो जरा जास्तच लागतो असं माझं निरीक्षण आहे, सिद्ध मात्र करता येणार नाही. एलायजाच्या जन्माचा छोटा प्रसंग सोडला तर सुरुवात रेल्वेच्या डब्यात होते. कॅमेरा दोन सीटांच्या फटीतून बघतो, शेजारी बाई येऊन बसते आणि नायक हळूच लग्नाची अंगठी काढून ठेवतो. मग अपघात होतो, त्यात १३१ माणसं जातात आणि हा एकटा वाचतो, अंगावर ओरखडाही नाही. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर या शहरात ती पहिली वीस मिनिटं निव्वळ चित्रपट म्हणून बघणं मला जमलेलं नाही. आणि हा नायक काम काय करतो? स्टेडियमवर सुरक्षारक्षक. त्याचा सुपरहिरोचा पोशाख म्हणजे पाठीवर ‘सिक्युरिटी’ लिहिलेला पावसाळी झगा. जुलैत आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन जे घालून उभे असतात, जवळपास तेच. सुपरहिरोला एवढं साधं ठेवायची हिंमत त्यानंतर फार कुणी केलेली नाही.

त्यातला एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. डेव्हिड फिलाडेल्फियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनात भर गर्दीत उभा राहतो आणि दोन्ही हात किंचित पसरतो. येणारेजाणारे घासून जातात आणि प्रत्येक स्पर्शासरशी त्याला त्या माणसाने केलेला गुन्हा दिसतो. एक चोर, एक त्याहून वाईट, आणखी एक. हा प्रसंग पाहिला त्याच आठवड्यात संध्याकाळी दादरच्या पुलावरून फलाटावर उतरताना मी चक्क हात अंगाशी घेतले होते. इतकी कोपरं, इतके खांदे. कोण काय करून आलंय कुणास ठाऊक! चित्रपटाने रोजच्या जगण्यात असा हात घातला की त्याचं बजेट किती आणि गल्ला किती, हे मी विचारत नाही.

‘स्प्लिट’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. श्यामलनने घर तारण ठेवून आधी ‘द व्हिजिट’ केला आणि मग सुमारे ९० लाख डॉलरमध्ये हा काढला. पैसा कमी असला की हा माणूस चांगलं काम करतो, हे मान्य करायला हवं. जेम्स मॅकअव्हॉय एकाच शॉटमध्ये माणसं बदलतो ते बघण्यासारखं आहे, आणि त्याने केलेलं केव्हिन हे एका शरीरात अनेक माणसं वागवणारं पात्र ‘अनब्रेकेबल’च्या मूळ मसुद्यातलंच असल्यामुळे ते उपरं वाटत नाही. आणि शेवटी, काही कल्पना नसताना, एका डायनरमध्ये बातम्या बघत ब्रूस विलिस बसलेला दिसतो. २०१७ मध्ये थिएटरात माझ्या आजूबाजूच्या बहुतेकांना हा कोण आणि इथे कशाला तेच कळलं नाही. मी आणि दोन खुर्च्या सोडून बसलेला एक अनोळखी गृहस्थ मात्र एकमेकांकडे बघून हसलो. तो एक मिनिट म्हणजे मला हवा होता तेवढा सिक्वेल. ज्यांना शेवट कळायला नको त्यांनी इथे थांबावं.

‘ग्लास’मध्ये वाईट काय आहे याची यादी लांब होईल, आणि ती बरीचशी अन्यायाची ठरेल. मधला मोठा भाग इस्पितळातल्या बोलण्यात जातो. तुम्ही सुपरहिरो नाही, हा तुमचा भ्रम आहे, असं डॉक्टरीणबाई डेव्हिड, एलायजा आणि केव्हिन या तिघांना पटवत राहतात. मी पाहिला तिथे इंटरव्हल एका वाक्याच्या ऐन मध्यावर टाकला होता. समोसा घेऊन परत आलो तरी बाईंचं तेच चालू. पण हे सहन होतं. उंच टॉवरवरच्या लढाईचं आमिष दाखवून शेवटी पार्किंगमध्ये मारामारी उरकली, तेही मी समजू शकतो. दोन कोटी डॉलरमध्ये टॉवर येत नाही.

माझं गाडं अडलं ते डबक्यापाशी. डेव्हिड डन, ज्याचं एक हाड कधी मोडलं नाही, त्याला एक बिननावाचा शिपाई फरफटत नेतो आणि पार्किंगमधल्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तोंड दाबून मारतो. पाणी जेमतेम वीतभर. आमच्या थिएटरात मागून कुणीतरी खड्ड्यांवरून एक शेरा मारला आणि चार रांगा हसल्या. लोकांना दोष देत नाही. या शहरात रस्त्यावरच्या खड्ड्यात नायक बुडाला तर दुसरं काय होणार? पण ज्या माणसासाठी मी एवढी वर्षं थांबलो, त्याच्या मरणावर थिएटर हसतंय आणि मला कुणाचा राग धरावा तेही कळत नाहीये, ही जागा मला अजून टोचते.

डेव्हिडची पाण्याची भीती पहिल्या भागात आहेच, कबूल. पण तिथे ती कशी येते बघा. लहानपणी शाळेच्या तलावात तो बुडता बुडता वाचलेला असतो, आणि हे आपल्याला कळतं ते त्याच्या मुलाच्या शाळेतल्या नर्सकडून. मग तो ओलीस धरलेल्या एका कुटुंबाच्या घरात शिरतो, बाल्कनीवरून खाली ढकलला जातो, पोहण्याच्या तलावावरच्या ताडपत्रीवर पडतो आणि तीत गुंडाळून खाली जायला लागतो. ज्या मुलांना वाचवायला तो आलेला असतो तीच मुलं त्याच्यापुढे काठी धरतात. हाच माणूस निथळत्या झग्यानिशी पुन्हा जिना चढून वर जातो, म्हणून पुढच्या झटापटीला वजन येतं. ‘ग्लास’मध्ये हेच पाणी बटणासारखं वापरलंय. कोठडीत पाण्याचे फवारे लावले की नायक गप्प. टाकी फुटली की नायक ढिला. खड्डा सापडला की खलास. पहिल्या भागात जी भीती होती तिचा इथे निव्वळ नियम झाला. आणि हे इतर कुणी केलं असतं तर मूळ समजलं नाही म्हणून सोडून दिलं असतं. ज्याने तो ताडपत्रीचा प्रसंग रचला त्यानेच हे करावं, याची समजूत मला घालता आलेली नाही.

शेवटी ‘ग्लास’ पुन्हा त्याच स्टेशनात येतो. एलायजाने लढाईचं चित्रण आधीच बाहेर पोहोचवलेलं असतं. त्याची आई, डेव्हिडचा मुलगा आणि ‘स्प्लिट’मध्ये केव्हिनच्या तावडीतून वाचलेली केसी बाकावर बसून लोकांना आपापल्या फोनवर ते पाहताना बघतात. जगाला सत्य कळलं, असं आपण समजायचं. पहिल्या भागात हे सत्य नाश्त्याच्या टेबलावर कळलं होतं. बाप आपल्या पराक्रमाची बातमी असलेलं वर्तमानपत्र हळूच मुलापुढे सरकवतो, मुलाचे डोळे भरतात, आणि आईला कळू द्यायचं नाही अशी खूण बाप करतो. सबंध गावाला कळण्यापेक्षा एका पोराला कळणं मला मोठं वाटतं. कुणाला हे म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटेल, वाटू द्या.

तिन्ही बघण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडतो. सॅम्युअल जॅक्सन ‘ग्लास’मध्ये पहिला तासभर जवळजवळ एक शब्द बोलत नाही, तरी नजर त्याच्यावरून हलत नाही. लहानपणीचा एलायजा जत्रेतल्या पाळण्यात बसतो तो तुकडा ‘अनब्रेकेबल’मधून कापलेला होता, तो इथे वापरलाय आणि फार सुरेख बसलाय. शिवाय २०२२ मध्ये ब्रूस विलिसच्या घरच्यांनी त्याच्या आजारपणामुळे तो अभिनय थांबवत असल्याचं सांगितलं, तेव्हापासून त्याला त्या झग्यात पुन्हा एकदा पाहायला मिळणं ही छोटी गोष्ट राहिलेली नाही. पात्राच्या वाट्याला मोजकंच आलंय तरीही.

आणखी एक फरक काळाचा आहे. २००० मध्ये कॉमिक्स म्हणजे काय, ती कोण जमवतं, हे प्रेक्षकांना पाट्या लावून सांगावं लागत होतं, आणि एलायजाच्या तोंडी ते व्याख्यान शोभत होतं. ‘ग्लास’ जानेवारी २०१९ मध्ये आला. तीनच महिन्यांनी मार्व्हलच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’साठी मुंबईत मध्यरात्रीचे आणि पहाटेचे खेळ लागले. सुपरहिरोचा जन्म कसा होतो, खलनायक त्याच्या उलट कसा असतो, हे त्या रांगेतल्या दहावीच्या पोरांना पाठ होतं. ‘ग्लास’मधली पात्रं भर लढाईत तेच समजावून सांगत उभी राहतात. श्यामलन काळाच्या पुढे होता तेव्हा लोकांना तो कळला नाही, आणि लोक पुढे गेले तेव्हा हा जुन्याच जागी उभा होता, असं काहीसं झालं.

तर कुणी काय करावं? मॅकअव्हॉयसाठी बघणार असाल तर ‘स्प्लिट’ जरूर बघा, तो एकटाही उभा राहतो. मार्व्हलवर वाढलेल्या मुलामुलींना तर मी सुरुवातच ‘स्प्लिट’पासून करायला सांगेन, ‘अनब्रेकेबल’ची संथ चाल त्यांना पहिल्या फटक्यात पेलणार नाही. अर्धी गोष्ट सोडल्याची ज्यांना रुखरुख लागते त्यांनी ‘ग्लास’ बघावा, मनाई कसली करायची. फक्त एकाच रविवारी तिन्ही नकोत. सहा तास बसून होतात, पण स्टेशनातला तो प्रसंग सकाळी आणि डबकं संध्याकाळी, असं एकाच दिवशी बघू नका. मध्ये महिना जाऊ द्या. माझ्या घरी मात्र कुणी विचारलं तर मी ‘अनब्रेकेबल’ लावतो, फार आग्रह झाला तर ‘स्प्लिट’मधला डायनरचा तेवढा प्रसंग दाखवतो आणि जेवायला वाढतो.