मोडीची तीन पानं आणि आजीचे सरदार

हिंगोलीच्या आमच्या माळवदाच्या घरात, पेटीच्या तळाशी मोडीतली तीन पानं होती. आजी सांगते, आपले खापरपणजोबा सरदार, झाशीच्या राणीकडून लढले.

पानं संभाजीनगरला मोडी वाचून देणाऱ्या काकांकडे नेली. पानाला 200 रुपये, वायदा पंधरा दिवसांचा. लागले दोन महिने. फोन उचलत नाहीत, जाऊन बसावं लागतं. चहा मात्र दरवेळी मिळाला.

काम एक नंबर. काकांनी भिंग लावून मोठ्यानं वाचलं. शके 1780, वैशाख, म्हणजे 1858. खापरपणजोबा हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेच्या घोडदळात, झाशीवर चालून गेलेल्या इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेबरोबर. म्हणजे राणीच्या विरुद्ध! इथं काका थांबले, "पुढचं वाचू का?" म्हणाले. आणि सरदार कसले, बारगीर. त्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा. ज्याला घोडा नाही तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर. लढाईबद्दल जेमतेम दीड ओळ. बाकी सगळं एकच रडगाणं: घोड्याला पैसे पाठवा, बैल विकला तरी चालेल.

काकांनी मनानं काही गोड केलं नाही, शंकेच्या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारली, हे मला फार आवडलं. लॅमिनेशन करू का विचारतील, नको म्हणा. फारसी शिक्के ते वाचत नाहीत, त्याला दुसरा माणूस बघा.

आजीला मी आतापर्यंत फक्त बैलाचं सांगितलंय.