जुन्या डिझेल गाडीसाठी वॉटर पंप: तीन आणले, मोजले, एक ठेवला

गाडी 1989ची, चार सिलिंडरची डिझेल. वॉटर पंप म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी इंजिन आणि रेडिएटरमध्ये फिरवणारा पंप. मी टूलरूममध्ये (जिथे साचे आणि हत्यारं बनतात) 31 वर्षं काढलेला माणूस, तेव्हा हा रिव्ह्यू जरा किचकट होणार हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच घ्यावं: बिडाच्या इम्पेलरचा (इम्पेलर म्हणजे पंपातलं पाणी फिरवणारं पात्यांचं चाक) पंप बघा आणि बसवण्याआधी मोजा. कंपनीची नावं मुद्दाम लिहीत नाही. एकाच छापाच्या दोन खोक्यांतून मला दोन वेगवेगळ्या ओतकामाचे पंप निघालेत, मग नाव सांगून तुमचा काय फायदा?

मूळ पंप गेला तो रीतसर गेला. आधी गाडी उभी करायच्या जागी हिरवट ठिपके दिसायला लागले. मग सकाळी पहिल्या स्टार्टला घरघर. पंखा हाताने धरून पुढे-मागे हलवला तर पुली कट् कट् करायची. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी झिरपत होतं. ते भोक कारखान्याने विचार करून ठेवलेलं असतं. सीलमधून निसटलेलं पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी बाहेर पडावं आणि आपल्याला दिसावं म्हणून. माझ्या ओळखीतल्या एका शहाण्याने हेच भोक इपॉक्सीने बुजवलं होतं. गळती थांबली म्हणून महिनाभर खूश होता. मग बेअरिंगमध्ये पाणी जाऊन शाफ्ट तुटला आणि पंखा रेडिएटरमध्ये घुसला.

पहिला पंप मी आणला तो दिसायला झकास होता. ॲल्युमिनियमचं चकचकीत अंग, हातात घेतला तर हलका. इम्पेलर पत्र्याचा, दाबून वाकवलेला, सहा पात्यांचा. मूळ पंपाचा बिडाचा होता. माझ्या मनात शंका आली होती, पण गाडी आठवडाभर उभी होती आणि मी उतावळा झालो होतो. बसवला. गळती नाही, आवाज नाही. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा जागचा हलत नव्हता.

चढ लागला की मात्र काटा वर. त्यात आणखी एक गंमत: गाडी जागेवर आयडलला उभी असली की हीटरमधून गार हवा यायची, ॲक्सिलरेटर दाबला की गरम. आता हे लक्षण स्पष्टच आहे, कमी आरपीएमला पाणी हीटरपर्यंत पोचतच नाही. पण नवा पंप आहे ना, मग पंपावर संशय कोण घेणार! मी थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी पाण्याची झडप) काढला, पातेल्यात पाण्यात लटकवून तापवला. 82 अंशाचा होता, 82 च्या आसपास उघडला. रेडिएटर उलट्या बाजूने फ्लश केला. रेडिएटरचं झाकण बदललं.

झाकणाबद्दल दोन शब्द लिहितोच, कारण लोक त्याला डब्याचं झाकण समजतात. माझ्या गाडीचं 0.9 बारचं आहे. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशाच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग मेली की तो दाब राहत नाही, आणि पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला, जिथे दाब मुळातच कमी, तिथे बुडबुडे तयार होतात. ते पात्यांवर फुटतात आणि धातू टोचून खातात. तुमच्या जुन्या इम्पेलरवर वाळवी लागल्यासारखी भोकं दिसली तर नवा पंप घेताना झाकणही घ्या. माझं जुनं झाकण ठीकच निघालं, तो खर्च फुकट गेला.

शेवटी पंप परत खोलला. आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं.

नातवाचा खेळण्यातल्या मातीचा डबा घेतला. निळ्या मातीच्या बोराएवढ्या चार गोळ्या करून इम्पेलरच्या पात्यांच्या कडेवर चिकटवल्या. समोर इंजिनच्या ब्लॉकची जी भिंत येते तिला तेलाचं बोट फिरवलं, म्हणजे माती तिकडे चिकटणार नाही. गॅसकेट लावून पंप बसवला, बोल्ट नेहमीच्या ताकदीने आवळले. शाफ्ट अजिबात फिरवला नाही. परत खोलला. गोळ्यांच्या चपट्या टिकल्या झाल्या होत्या. ब्लेडने मधोमध कापून व्हर्निअरने जाडी घेतली: 2.6 मिमी. चारही ठिकाणी जवळपास तेवढीच. मग भंगारात टाकलेला मूळ पंप शोधून आणला, त्याला हाच प्रयोग. पाती गंजून झिजलेली असूनही 1.1 मिमी. संपलं. पत्र्याचा इम्पेलर फिरत होता, पण पाणी पात्याच्या कडेवरून परत मागे सांडत होतं. वॉटर पंप सायकलच्या पंपासारखा ढकलत नाही, तो पाणी गरागरा फिरवून बाहेर फेकतो. फट वाढली की फेक गेली.

("आजोबा, माझी निळी माती काळी कशी झाली?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवा डबा आणून दिला.)

पत्र्याचा इम्पेलर म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही. ज्या इंजिनाची रचनाच त्यासाठी आहे तिथे तो वर्षानुवर्षं चालतो. प्लॅस्टिकचंही तेच. काच-तंतू घातलेलं चांगलं प्लॅस्टिक गंजत नाही, ही मोठी गोष्ट आहे. मात्र काही जुन्या प्लॅस्टिकच्या इम्पेलरना तडे जायचे किंवा ते शाफ्टवर सैल व्हायचे, शाफ्ट फिरतोय आणि इम्पेलर बसलाय अशी अवस्था. माझा आक्षेप एवढाच की बिडाच्या इम्पेलरसाठी बनवलेल्या खोलीत पत्र्याचा बुटका इम्पेलर 'चालतोय' म्हणून घालू नये.

दुसरा पंप बसवलाच नाही. भोकं जुळत होती, उंची जुळत होती, इम्पेलर बिडाचा. उलटा करून बघितला तर पात्यांची वाकण विरुद्ध दिशेला. या इंजिनाच्या पुढच्या आवृत्तीत व्ही-बेल्ट जाऊन चपटा खाचांचा बेल्ट आला आणि पंप त्या बेल्टच्या पाठीवर चालतो, म्हणजे उलटा फिरतो. बसवला असता तर गाडी सुरू झाली असती, पाणीसुद्धा थोडंफार फिरलं असतं, कारण असा पंप उलटा फिरला तरी पाणी बाहेरच टाकतो, फक्त फार कमी. ते जास्त वाईट, चूक लगेच कळलीच नसती. दुकानदाराच्या कॅटलॉगमध्ये दोन्ही गाड्यांसमोर एकच नंबर होता. त्याने कुरकुर न करता परत घेतला, त्याबद्दल त्याला पूर्ण गुण.

मध्यंतरी मूळ पंपालाच नवं बेअरिंग आणि सील टाकायचा विचार केला. हे काम मला येतं, प्रेस आहे. पण सील जिथे बसतं त्या बोअरमध्ये गंजाचे खड्डे होते आणि हब (शाफ्टच्या टोकावरचा, ज्याला पुली आणि पंखा लागतात तो भाग) पूर्वी कुणीतरी एकदा ओढून काढलेला होता. हब शाफ्टवर फक्त दाबाच्या पकडीवर बसतो. ती पकड एकदा सैल झाली की माझा विश्वास बसत नाही, त्याच्यावर पंखा फिरतोय. तुमच्या पंपाचं अंग चांगलं असेल आणि काम करणारा हाताने चांगला असेल तर हा मार्ग नक्की विचारात घ्या. ज्या गाड्यांचे पंप मिळतच नाहीत तिथे तर दुसरा इलाज नाही.

तिसरा पंप ठेवला. बिडाचं अंग, बिडाचा इम्पेलर, पहिल्यापेक्षा दुपटीने जड. मातीचा प्रयोग: 0.8 मिमी. हबच्या तोंडापासून बसायच्या फेसपर्यंतचं (ब्लॉकला टेकणाऱ्या सपाट पृष्ठभागापर्यंतचं) अंतर मूळ पंपाशी ताडलं, फरक 0.2 मिमी. हे अंतर चुकलं तर बेल्ट तिरका चालतो नाहीतर पंखा रेडिएटरच्या जवळ सरकतो. हबला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावून फिरवला, थरथर 0.05 मिमीच्या आत. हाताने फिरवताना सील कोरडं घासल्याचा आवाज आला. तो दोष नाही, पण म्हणून भिंगरीसारखा फिरवत बसू नका. सीलचे दोन फेस पाण्याच्या पातळ थरावर चालतात, कोरडे चालले की खरचटतात. फिरवताना टोचल्यासारखं अडखळलं तर मात्र पंप परत करा.

तक्रारी आहेतच. गॅसकेट खोक्यात दिलं होतं, ते घडी पडलेलं. मी गॅसकेटच्या कागदातून नवं कापलं. बसायच्या फेसवर रंगाचे ओघळ होते, ते काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून काढावे लागले. हबच्या एका आट्यात रंग भरला होता, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला. एवढं चांगलं ओतकाम करणाऱ्या कारखान्यात रंगाचा डबा नक्की कुणाच्या हातात देतात कळत नाही.

बसवण्यापूर्वी मूळ पंप का मेला याचाही शोध घेतला, नाहीतर तिसराही त्याच वाटेने गेला असता. पंख्याच्या पात्यांच्या टोकाजवळ एक सळई रोवून पंखा हळूहळू फिरवला. एक पातं 4 मिमी बाहेर. कधीतरी कुणीतरी पाना टेकवून पुली फिरवली असणार. असा वाकडा पंखा प्रत्येक फेऱ्याला बेअरिंगला हिसका देतो. पंखा बदलला. बेल्टही फार ताठ होता. आता मधोमध अंगठ्याने दाबला की 10 मिमीच्या आसपास दबतो. बेल्ट चीं चीं करू नये म्हणून त्याला तारेसारखा ओढणारे लोक पंपाचे पहिले शत्रू.

बोल्ट सहा, लांब्या तीन. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून बोल्ट जागच्या जागी खोचून ठेवले. दोन बोल्टांची भोकं थेट पाण्यात उघडतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावलं. गॅसकेटवर सिलिकॉन थापला नाही. बाहेर जेवढा ओघळतो तेवढाच आतही ओघळतो, आणि आतला रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. जुनं कूलंट पूर्ण काढून डिस्टिल्ड पाणी आणि एथिलीन ग्लायकॉलचं कूलंट निम्मं-निम्मं भरलं. रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे, म्हणून हिरवंच, जुन्या पद्धतीचं. रंग बघून दोन प्रकारचं मिसळू नका. हीटरचा कॉक उघडा ठेवून, गाडीचं तोंड चढावर करून हवा काढली.

पहिल्या दिवशी पंपाच्या पोटाखालच्या त्या भोकातून चार-पाच थेंब आले आणि माझा चेहरा पडला. "अहो, परत?" सौ. दारातूनच म्हणाल्या. नवं सील बसायला थोडा वेळ घेतं हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि खाली वाकून थेंब मोजणं वेगळं. दुसऱ्या दिवशी भोक कोरडं.

आता 14 महिने आणि 11,000 किलोमीटर झाले. चढाला काटा अर्ध्याच्या किंचित वर जातो आणि माथ्यावर पोचलं की खाली येतो. आयडलला हीटर गरम. पाचपैकी चार गुण देतो, एक रंगकामाचा कापला. पत्र्याच्या इम्पेलरवाला पंप कपाटात आहे, विकायचं मन होत नाही. त्याच्या हबचं माप चांगलं आहे, कशाला तरी उपयोगी पडेल.