बीक्यूची यादी: गाडीचं नाव आहे, वेळ नाही

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात रात्रीची डेटाची सगळी कामं एकाच मुलाने लावून ठेवलेली, तो पेपर टाकून गेला आणि सरांनी मला बोलवून सांगितलं की रात्री आपल्याकडे नक्की काय काय चालतं त्याची लिस्ट दे, आजच. घाई अशासाठी की बिगक्वेरीत (गूगलचं डेटाचं गोदाम) शेड्यूल केलेली क्वेरी, म्हणजे डेटाला ठरल्या वेळी आपोआप विचारलेला प्रश्न, ज्याने लावली त्याच्याच परवानगीवर चालते, सर्व्हिस अकाऊंट (माणसाचं नाही, खास अशा कामांसाठी बनवलेलं खातं) दिलेला नसेल तर, आणि शुक्रवारी आयटीवाले त्याचा आयडी बंद करणार होते. म्हणजे शनिवारी सकाळी सगळे रिपोर्ट कोरे.

तर हा रिव्ह्यू बीक्यू या बिगक्वेरीच्या कमांड लाईन टूलचा (बटणं नाहीत, कमांड टाईप करायच्या), त्यातही फक्त यादी काढण्यापुरता. टूल फुकट आहे, गूगल क्लाऊडच्या एसडीकेबरोबर (त्यांच्या टूल्सचा संच) येतं, आणि काही इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राऊझरमधल्या क्लाऊड शेलमध्ये तयारच असतं.

पहिला घोळ शब्दांचाच. नवीन माणूस बीक्यू एलएसला (यादी काढायची कमांड) डॅश जे लावतो, कारण त्याला जॉब हवे असतात, आणि समोर येते ती होऊन गेलेल्या जॉबची जंत्री, काल कोणी कुठली क्वेरी मारली वगैरे. उद्या काय चालणार ते त्यात नाही. शेड्यूल केलेल्या क्वेरी राहतात डेटा ट्रान्सफर सर्व्हिसच्या (बिगक्वेरीत डेटा आणून टाकणारा भाग) घरात, म्हणून बीक्यू एलएसच्या पुढे डॅश डॅश ट्रान्सफर अंडरस्कोर कॉन्फिग लिहायचं आणि त्याच्यापुढे ट्रान्सफर अंडरस्कोर लोकेशन. बाकीच्या ट्रान्सफरची गर्दी नको असेल तर फिल्टरमध्ये डेटासोर्सआयडीज, कोलन, शेड्यूल्ड अंडरस्कोर क्वेरी. एकदा लिहून ठेवलं की झालं.

लोकेशन द्यावंच लागतं आणि तिथे मी तोंडावर आपटलो. आम्ही मुंबईत, डेटा मुंबईत, म्हणून मी एशिया साऊथ वन टाकलं (मुंबईचं रीजन तेच), १४ नावं आली, खुशीत एक्सेलला चिकटवली आणि सरांना पाठवली. दहा मिनिटांत अकाऊंट्सच्या मॅडमचा फोन, अरे माझा वसुलीचा रिपोर्ट यात कुठाय? नव्हता खरंच. जुना डेटासेट (टेबलं ठेवायचा कप्पा) कोणीतरी कधीकाळी यूएसमध्ये बनवलेला, आणि क्वेरी डेटासेटच्या लोकेशनलाच राहते, म्हणजे यूएस टाकून परत विचारल्यावर आणखी ६ निघाल्या. टूलने खोटं काही सांगितलं नव्हतं हां, मी दादरला उभं राहून कुर्ल्याच्या गाड्या मोजत होतो. आता आपले सगळे डेटासेट कुठकुठल्या लोकेशनला आहेत ते आधी बघतो आणि प्रत्येकासाठी तीच कमांड फिरवणारा चार ओळींचा लूप लिहून ठेवलाय.

आता मुख्य तक्रार. साध्या टेबलात काय दिसतं तर प्रोजेक्टपासून सुरू होणारं लांबलचक नाव, आपण दिलेलं नाव, डेटा सोर्स आणि स्टेट. वेळ नाही! शेड्यूलची यादी आणि शेड्यूलच गायब, म्हणजे इंडिकेटरवर विरार फास्ट लिहिलंय, प्लॅटफॉर्म लिहिलाय आणि वेळेच्या जागी काळोख. आणि ते स्टेट वाचून खूश होऊ नका, ती शेवटच्या रनची स्थिती असते. आमच्याकडे एक क्वेरी कधीच बंद करून ठेवलेली, तरी तिच्यापुढे सक्सीडेड दिमाखात उभं, कारण बंद व्हायच्या आधीचा शेवटचा रन पास झाला होता.

खरा माल मिळतो फॉरमॅटला प्रेटीजेसन दिलं की (जेसन म्हणजे प्रत्येक गोष्ट नावानिशी सविस्तर लिहिलेला मजकूर). त्यात शेड्यूल असतं, पुढचा रन कधी ते असतं, बंद असेल तर डिसेबल्ड ट्रू असतं. फक्त वेळा सगळ्या यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या साडेपाच तास मागे. जेसनमध्ये एव्हरी मंडे २०:३० दिसलं आणि मी मॅडमना छातीठोक सांगितलं की सोमवारी रात्री साडेआठला येतो तुमचा रिपोर्ट. त्या थांबल्या बिचाऱ्या. साडेपाच तास मिळवा की राव, होतात मंगळवारचे पहाटेचे २! नुसती वेळ नाही, वारच बदलला. मॅडमनी मंगळवारी डबा खाताना सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्यात सोमवार कधी असतो हो?

याच बाबतीत त्याच घरचं दुसरं टूल, जीक्लाऊड शेड्यूलर जॉब्स लिस्ट, फार शहाणं वाटतं, तिथे टेबलातच शेड्यूल आणि कंसात टाईम झोन येतो, शेवटी एनेबल्ड की पॉज्ड तेही. पण ते क्लाऊड शेड्यूलरचे (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी गूगलचीच वेगळी सेवा) जॉब दाखवतं, बिगक्वेरीतल्या क्वेरी त्यात येत नाहीत, म्हणजे दोन्ही चालवा. आणि एका जुन्या व्हीएमवर (क्लाऊडमधला कॉम्प्युटर) क्रॉनटॅब डॅश एल, म्हणजे त्या मशीनवरच्या ठरल्या वेळच्या कामांची यादी, मारलं तर तिथेही दोन निघाले, तो विषय वेगळाच.

मालकाचा ईमेल यादीत येत नाही, त्यासाठी एकेक नाव घेऊन बीक्यू शो करावं लागतं. २० वेळा केलं. १७ त्या मुलाच्या नावावर. मग बीक्यू अपडेटला अपडेट अंडरस्कोर क्रेडेन्शियल्स लावून एकेक सर्व्हिस अकाऊंटवर हलवली, गुरुवारी रात्री साडेदहापर्यंत.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, आणि जेसन नसता तर दोन. एक सांगायचं राहिलं, शेवटची क्वेरी मी घरी जाताना ट्रेनमध्ये फोनवरून क्लाऊड शेल उघडून हलवायला गेलो, बसायला जागा मिळालेली म्हणून, आणि कमांड काही केल्या चालेना. कांदिवली गेलं, बोरिवली गेलं, मग लक्षात आलं की फोनचा कीबोर्ड दोन डॅशचा आपोआप एक लांब डॅश करतोय. शेजारचे काका इतका वेळ माझ्या स्क्रीनमध्ये डोकावत होते, म्हणाले, शेअर बाजार का? भाईंदरला सेटिंग सापडली.