चेनसॉ जुनी बरी की नवी : दिवाळी ते मिरग, धुऱ्यावरच्या बाभळीवर

सात महिने दोन मशिनी आलटूनपालटून चालल्या. एक पंचवीसेक वर्षांपूर्वीची, मॅग्नेशियम बॉडीची, 50 सीसीच्या आसपासची. दुसरी अलीकडची, 58 सीसी, 22 इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळते तशी. काम म्हणजे धुऱ्यावरच्या बाभळी, वाळलेला कडुलिंब आणि सल लागलेला, म्हणजे शेंड्याकडून वाळत आलेला संत्रा.

'जुनं ते लोखंड, नवं ते प्लास्टिक' हे अर्धंच खरं. दोन्ही मशिनी बंद पडल्या त्या पेट्रोलमुळे.

पंपावर आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या त्याच भोकातून जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. जुन्या मशीनचे एच आणि एल स्क्रू (फुल रेस आणि हळू चालीचं पेट्रोल जुळवणारे) मोकळे आहेत. चेनला धार लावून, इंजिन गरम करून, रिकामी फुल रेस द्यायची. आवाज एकसारखा किंचाळत असेल तर एच स्क्रू आठवा भाग आटा उलटा फिरवायचा. आवाज जरा फडफडला पाहिजे आणि बार लाकडात टेकताच साफ झाला पाहिजे. नव्या मशीनच्या स्क्रूवर प्लास्टिकच्या टोप्या बसवलेल्या, त्या जेमतेम हलतात. स्टिलची एम-ट्रॉनिक किंवा हुस्कवार्नाची ऑटोट्यून असेल तर मशीन मिश्रण स्वतःच जुळवते, पण स्वस्त मशीनमध्ये ती सोय नाही. म्हणून महिन्यातून एकदा सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन पाहावा. उभे ओरखडे दिसले तर त्या दिवशी मशीन चालवू नये.

रबराच्या बाबतीत मात्र जुनी हरली. आयडलला छान चालते आणि ॲक्सिलरेटर दाबताच मरते, म्हणजे बहुतेक वेळा डायफ्राम, म्हणजे कार्बोरेटरमधला पातळ पडदा, कडक झालेला असतो. बोटात धरून हलवला की पॉलिथिनसारखा कडकड वाजतो, चांगला असेल तर कापडासारखा लवतो. डायफ्राम किट आणि इथेनॉल सोसणारी पेट्रोल नळी टाकल्यावर तक्रार मिटली. गरम झाल्यावर आयडल आपोआप चढत असेल आणि मशीन आडवी केली की बदलत असेल, तर क्रँकचं सील हवा खातंय. तिथं स्क्रू फिरवून काही होत नाही.

पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं माप: चांगलं टू-टी (टू-स्ट्रोक) तेल असेल तर 50:1, म्हणजे लिटरला 20 मिली. मशीनच्या पुस्तकात 25:1 लिहिलं असेल तर 40 मिली. अंदाजानं चार झाकणं जास्त ओतणाऱ्यांना वाटतं की तेल जास्त तर इंजिन सुरक्षित. प्रत्यक्षात तेल वाढलं तेवढं पेट्रोल घटतं, मिश्रण उलट पातळ होतं, आणि प्लग काळा पडतो तो वेगळाच.

बाभळीच्या बुडाला काळ्या मातीचा लेप असतो. कुऱ्हाडीनं साल सोलल्याशिवाय बार लावला तर दोन मिनिटांत धार जाते. छिलके पडायचे थांबून पिठासारखा भुसा पडायला लागला की ओळखावं. मग माणूस मशीन दाबतो आणि बार, क्लच दोन्ही तापतात. .325 इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला 4.8 मिमीची गोल कानस, 30 अंशांचा कोन, दर टाकी पेट्रोलमागे प्रत्येक दाताला कानशीचे दोन-तीन हात. पुढचा आडवा दात, म्हणजे डेप्थ गेज, 0.65 मिमीच खाली ठेवावा; जास्त घासला तर मशीन हिसके मारते. चेनला जळकं इंजिन ऑइल घालणारे बरेच आहेत. त्यातली लोखंडाची पूड ऑइल पंप खाते, नवा असो की जुना.

एका बाबतीत नवीच घ्यावी. जुन्या मशिनींचं चेन ब्रेकचं, म्हणजे मशीन उसळताच चेन थांबवणारं हँडल बहुतेक ठिकाणी काढून फेकलेलं असतं आणि हँडलखालचे रबर फाटलेले असतात. बाभळीच्या दाट फांद्यांत बारचं टोक अडकलं की मशीन थेट तोंडाकडे उसळते. ब्रेक नसलेली मशीन कितीही मजबूत असली तरी गड्याच्या हाती देऊ नये.

वापरलेली जुनी विकत घेताना मालकाला आधी सुरू करू देऊ नका. मशीन थंड असतानाच दोरी स्वतः ओढा, मग दहा मिनिटं चालवून बंद करा आणि पुन्हा ओढा. थंड असताना सुरू होऊन गरम झाल्यावर रुसणाऱ्या मशीनमध्ये कॉइल किंवा कॉम्प्रेशनची भानगड असते. मिरगानंतर ठेवताना टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, नाहीतर पोळ्यापर्यंत कार्बोरेटरमध्ये चिकट लाखेसारखा थर बसलेला असतो.